निळ्या खोलीतली सत्यभामा

सत्यभामाला भेटायचं तर आधी दारावर थाप मारायची अन् गुमान उभं ऱ्हायचं. आतनं "व्हय" आलं म्हणून दार ढकलायचं न्हाय. "ये" आलं की ढकलायचं. मधल्या वख्ताला दार उघडलं तर उजेडानं फोटो जळून जायचा. मुरुम गावच्या तेलगिरणीत हे माझ्याबिगर कुणाला कळलं न्हाय, म्हणून तिच्याकडं माझ्याबिगर कुणी जायचंबी न्हाय. दाराच्या अलीकडं एवढ्या बाया काम करायच्या, पण आत बसलेली जिती हाय का मेली, ह्याची कुणाला फिकीर नव्हती. मला अजून राग येतो. कुणाचा म्हणाल तर सगळ्यांचाच येतो. तिचाबी येतो.

म्या मालनबाई. आमच्या बौद्ध वस्तीतल्या आमी आठ-धा जणी त्या सहकारी गिरणीत शेंगदाणे निवडायला व्हतो. ब्याऐंशीच्या आगंमागंची गोष्ट. दाण्याचं तेल निघायचं अन् ऱ्हायलेली पेंड बंदरावरनं परदेशी जायची, तिकडच्या गाईंना. दाण्याला बुरशी असली की पेंडीत ईख उतरतं, अन् तसली पेंड खाल्ली की गाई झुरून मरत्यात म्हणं. बहात्तरचा दुष्काळ आमी खडी फोडून अन् सुकडी खाऊन काढला, तवा आमच्या गाईंना कुणी इच्यारलं न्हाय. पण परदेशातल्या गाईंची बडदास्त काय सांगू बाई! त्यांच्यासाठी दाणे निवडायला बाया, बायांवर मुकादम, अन् सगळ्यांच्या वर ती निळी खोली.

निळी खोली म्हंजी लॅबच्या मागची कोठडी, खिडकीला काळं कापड ठोकलेली. दाण्यांचा अर्क काढून तो काचेच्या पट्टीवर चढवायचे. उजेडात बघितली तर पट्टी कोरीच. पण अंधारात तिच्यावर निळा दिवा धरला की जिथं ईख असंल तिथं ठिपका चमकायचा. लई ईख, तर ठळक ठिपका. कमी ईख, तर फिका. दिव्याखाली तो ठिपका लौकर उडून जायचा, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवायचा. केमिस्ट शरणबसप्पा साहेबांकडं आणखी एक गिरणी व्हती. ते आठवड्यातनं दोनदा यायचे अन् फोटो बघून खेप पास का नापास ते ठरवायचे.

पयल्यांदा फोटोला बाजारातला बब्रुवान स्टुडिओवाला आणला व्हता. लग्नाचे फोटो काढणारा गडी. कॅमेऱ्याची कळ जितका वेळ दाबून धरावी तितका उजेड आत जातो, हे त्याला ठावं व्हतं. पण त्याला खोड देखण्या फोटोची. ठिपका ठळक दिसला की हा कळ लौकर सोडायचा, फोटो भगभगीत दिसू नये म्हणून. ठिपका फिका दिसला की कळ दाबून बसायचा, बिचारा उठून दिसावा म्हणून. झालं काय, नासक्या खेपेचा ठिपका अन् चांगल्या खेपेचा ठिपका फोटोत जुळ्या भावावानी सारखेच! साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणले, "अरे बब्रुवाना, नवरी काळी का गोरी ते मला बघायचंय, अन् तू सगळ्यांनाच पावडर लावतोस!"

बब्रुवान रुसून गेला तो गेलाच. त्या वख्ताला सत्यभामा तिथं झाडलोट करायची. साहेबांनी तिलाच उभं केलं. "हात थरथरत न्हाय ना? अंधाराचं भ्या वाटत न्हाय ना?" ती म्हणली, "न्हाय." तेवढ्यावर ती फोटोवाली झाली.

अंधाराचं भ्या तिला कशाला वाटंल? तामलवाडीची लेक ती. नवरा बहात्तरच्या सालात पोट भरायला भिवंडीला गेला, कापडाच्या मागावर. चिठ्ठी न्हाय, निरोप न्हाय, मेल्याची खबर न्हाय. सासरच्यांनी दोन वरसं ठेवून घेतली अन् मग म्हणले, आता तुझं तू बघ. मुरुमात तिची मावशी व्हती. तिनं आसरा दिला, अन् वरीसभरात मावशीबी गेली. ऱ्हायलं एक खोपट अन् ही. विधवा म्हणावं तर कुंकू हाय, सवाशीण म्हणावं तर माणूस न्हाय. बारशाला, ओटीला बाया तिला बोलवायच्या न्हायत अन् बोलवलं न्हाय असं म्हणायच्याबी न्हायत. नुसतं इसरायच्या. हे इसरणं लई वंगाळ.

साहेबांनी तिला एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली व्हती. दर पट्टीच्या कडंला ठरल्या मापाचा एक फिका ठिपका लावलेला असायचा. एवढं ईख चालतं, ह्याच्या वर न्हाय, असा तो ठिपका. तिनं कमी उजेडाचा, मधल्या उजेडाचा अन् जास्त उजेडाचा असे तीन फोटो घ्यायचे. ज्या फोटोत तो मापाचा ठिपका जेमतेम दिसायला लागंल, तो खरा फोटो. त्यात आपल्या खेपेचा ठिपका मापाच्याहून ठळक आला तर खेप नापास. बास. खेप कुणाची, कुणी निवडली, कुणाला फेरनिवड पडणार, हे बघायचं न्हाय.

म्या नमुन्याची पिशवी घेऊन लॅबात जायची, म्हणून मला एवढं समजलं. पट्टी तयार झाली की म्या जरासंक थांबायची तिच्यापाशी. खोलीत निळा उजेड पडला की तिचे दात अन् डोळ्याचं पांढरं तेवढं चमकायचं. म्या म्हणायची, "सत्याक्का, भुतावानी दिसतीस गं." ती म्हणायची, "तू लई अप्सरा दिसतीस जणू!" तेवढंच काय ते बोलणं व्हायचं तिचं दिवसाचं. मग कळ दाबायची अन् मनातल्या मनात मोजायची, तवा मलाबी गप बसवायची.

दुपारी जेवायच्या सुट्टीत गिरणीत झाडंबी दोन व्हती अन् माठबी दोन. ते तसलं. ते आता काय उगाळायचं! आमचं झाड लिंबाचं. आमी तिथं गोल करून बसायचो. सत्यभामा आमच्याच वस्तीतली, पण ती बसायची लॅबच्या पायरीवर, एकटी. सुरवातीला आमच्यात बसायची की. मग दोन वरसं पाऊस ओढला. पाऊस ओढला की शेंग जमिनीतच तडकते अन् तडकलेल्या शेंगंत बुरशी शिरते. आमी डोळे फोडून निवडायचो, तरी खेपा नापास व्हायला लागल्या. नापास खेप म्हंजी सगळी पोती परत आमच्यापुढं, अन् फेरनिवडीला मजुरी न्हाय. मुकादम म्हणायचा, "माझ्या नावानं कशाला बोंबलता? फोटोला इच्यारा." झालं. बुरशीचा राग फोटोवर निघाला अन् फोटोचा राग सत्यभामावर.

आमच्यात द्वारकाबाई म्हंजी पुढारीण. जिभेला हाड न्हाय, पण मन खोटं न्हाय. पाच लेकरांची माय, नवरा बिनकामाचा. तिनं एकदा झाडाखाली समद्यांदेखत इच्यारलं, "सत्ये, ती कळ जरा आधी सोडली तर तुझं काय जातंय गं?"

सत्यभामा म्हणली, "मापाचा ठिपकाबी दिसायचा न्हाय मग. साहेबांना कळंल."

"साहेबांना म्हण, दिवा जुना झाला!"

बाया हसल्या. पण बघा, ते काय अगदीच येडं बोलणं नव्हतं. दिवा जुना झालाच व्हता. जरासं कमी धरलं असतं तर दोन्ही ठिपके सारखेच अंधुक दिसले असते, कुठला ठळक ते कळलं नसतं, अन् साहेबांनी दिव्यालाच शिव्या घातल्या असत्या. सत्यभामालाबी हे कळत व्हतं. ती भाकरीकडं बघत म्हणली, "न्हाय जमायचं, द्वारकाक्का."

"न्हाय जमायचं व्हय? बरं. मग तुझं तुझ्या दिव्यापाशी जमव."

दुसऱ्या दिवसापासनं तिच्याशी कुणी बोलंना. ती आली की बाया मांड्या पसरून बसायच्या, जागाच ठेवायच्या न्हायत. ती हिकडं बघायची, तिकडं बघायची, अन् पायरीवर जाऊन बसायची. म्या दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले. तर मलाच म्हणली, "जा बाई तिकडं. तुलाबी टाकतील, मग मला तिकडचं कोण सांगंल?" आता काय करायचं अशा बाईला? म्या भाकरी उचलून परत झाडाखाली. तिच्या पायरीवरनं आमी दिसायचो, पण आमचं बोलणं तिथवर पोचायचं न्हाय. हसण्याचा तेवढा आवाज जायचा.

असे सात-आठ महिने गेले. एकदा म्या तिच्या खोपटात गेले तर ही एकटीच बोलत बसलेली. म्या म्हणलं, "कुणाशी गं?" लाजली. म्हणली, "कुणाशी न्हाय. आज खोलीत 'व्हय' अन् 'ये' सोडून काहीच बोलले न्हाय, तर आवाज हाय का गेला ते बघत व्हते." वर हसली. मला हसू आलं न्हाय.

मग ती खेप आली. बेळंबकडची शेंग व्हती, हिरीच्या पाण्यावरची. दाणा कसा टपोरा, गुलाबी! द्वारकानं सगळ्यांना दम भरला, एक काळा दाणा दिसला तर बोट कापीन. आमी अशी निवडली ती खेप की घरी पोरांच्या डोक्यातल्या उवा कधी तशा निवडल्या न्हायत. खेप पास झाली. निव्वळ पास न्हाय, साहेब म्हणले, फोटोत ठिपका शोधावा लागतोय.

झाडाखाली सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. द्वारका उठली, पदर खोचला, तडक पायरीपाशी गेली अन् सत्यभामाचा दंड धरून तिला उठवली. "चल गं. तोंडानं न्हाय म्हणतीस अन् हातानं करतीस व्हय? गुणाची बाय माझी!" फरफटत आणली तिला झाडाखाली. हिनं तिच्या ताटलीत ठेचा घातला, तिनं कारळाची चटणी घातली. सत्यभामा काहीतरी बोलायला गेली तर द्वारकानं तिच्या तोंडात घासच कोंबला. म्हणली, "गप. भिताडाला कान असत्यात."

म्या बघत व्हते तिच्याकडं. तिला समजलं व्हतं, ह्या बायांचा काय समज झालाय ते. तोंडात घास, डोळ्यात पाणी. मला वाटलं घास गिळला की बोलंल. तिनं घास गिळला, अन् पाणी मागितलं.

सांजच्याला म्या तिला गाठलं. "सत्याक्का, खरं सांग. कळ आधी सोडलीस?"

"तुझी आन. न्हाय सोडली. माल चांगला व्हता गं तुमचा."

"मग सांग की त्यांना."

"सांगते. उद्या सांगते."

तिचा उद्या काय उगवंना. अन् म्याबी रेटलं न्हाय, कारण ती सत्यभामा म्या कधी बघितलीच नव्हती. पायरीवरच्या त्या मुक्या बाईच्या पोटात एवढं बोलणं व्हतं! साहेबांची नक्कल अशी करायची, कानडी हेल काढून, की बायांना ठसका लागायचा. तामलवाडीच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगायची. एक दिवस द्वारकानं तिचं डोस्कं मांडीवर घेऊन तेल घातलं, तर ही बया तिथंच झोपली, तोंड उघडं टाकून. भोंगा झाला तरी उठंना. द्वारका म्हणली, "झोपू द्या गं, लई दिवसांची झोप दिसतीय." घरनं दोन भाकरी जास्तीच्या आणायला लागली, कारण भाकरी वाटायची हौस फिटंना तिची. कुंकूबी मोठं लावायला लागली. चालताना चपला वाजवायची. मला म्हणली, "मालन, खोलीत आता मोजताना चुकतं बघ माझं. मनात तुमचंच बोलणं येतं." मग परत मोजायची, परत फोटो घ्यायची, पण चुकलेला कधी साहेबांपुढं ठेवला न्हाय.

पुढची खेप कोरडवाहू रानातली निघाली. चिरलेली, आकसलेली शेंग. आमी निवडली, न्हाय असं न्हाय. पण मनात कुठंतरी व्हतं, की आता आपली सत्यभामा हाय आत. हात ढिले पडले बायांचे.

म्या नमुना घेऊन गेले. पट्टी तयार झाली, सत्यभामानं दार लावून घेतलं अन् निळा दिवा लावला. मला ठिपके आता समजत व्हते. कडंला मापाचा ठिपका, फिका. शेजारी आमच्या खेपेचा. त्याच्याहून थोडा ठळक. लई न्हाय. थोडाच. अगदी बुजवता येईल एवढाच.

तिनं कळ हातात धरली अन् दाबंना. ठिपका दिव्याखाली उडत चाललेला. म्या म्हणलं, "अक्का, वख्त चाललाय."

"व्हय," म्हणली.

"थोडकंच हाय गं. दिवा जुना झालाय, साहेबांनाबी ठावं हाय." माझ्या तोंडातनं निघून गेलं. मला काय तिचं सुख बघवत नव्हतं व्हय? लई बघवत व्हतं, म्हणूनच निघालं. "त्या परदेशातल्या गाईंनी तुला कधी हाक मारली का? द्वारकानं मारली."

ती माझ्याकडं वळली. निळ्या उजेडात तिचं तोंड दिसंना, डोळे तेवढे दिसले. म्हणली, "गाई गेल्या खड्ड्यात. म्या गाईंचं न्हाय बघत. बेळंबच्या खेपेला तुमी माना मोडून निवडलं व्हतं. फोटोत ठिपका दिसंना, ते तुमच्या हाताचं काम व्हतं. आज म्या हे बुजवलं तर तोबी फोटो खोटा झाला. मग तुमी कधी चांगलं निवडलं हे कोण सांगणार? बब्रुवानाच्या फोटोत समदे सारखेच दिसायचे की."

अन् तिनं कळ दाबली. कमी उजेडाचा घेतला, मधला घेतला, जास्तीचा घेतला. तिन्हींनाबी नेहमीएवढाच वेळ दिला. मला ऐकू येईल असं मोजत व्हती, पयल्यांदाच. एकबी आकडा चुकला न्हाय.

जेवायची सुट्टी झाली. फोटो अजून वाळायचे व्हते, साहेब दुपारनं यायचे व्हते, कुणाला काही ठावं नव्हतं. झाडाखाली द्वारकानं तिची जागा धरून ठेवली व्हती. सत्यभामा आली. बसली न्हाय. आपलं फडकं सोडलं, जास्तीच्या दोन भाकरी काढून द्वारकापुढं ठेवल्या अन् उभ्या उभ्याच म्हणली, "आजची खेप नापास हाय. अन् मागली खेप पास झाली ती तुमच्या हातानं. म्या काही केलं नव्हतं. मला तवाच सांगायचं व्हतं, पण इथं बसायला लई बरं वाटत व्हतं."

एवढं बोलून उरलेली भाकरी घेऊन ती स्वतःच पायरीवर जाऊन बसली. कुणी जा म्हणलं न्हाय तिला. म्हणायला वेळच दिला न्हाय तिनं.

द्वारका त्या भाकरीकडं बघतच ऱ्हायली. मग म्हणली, "बघा, बघा! खोटं तरी धड बोलावं बाईनं." तिला राग आला व्हता का रडू, मला सांगता यायचं न्हाय. पण तिचं आता पोत्यांकडं ध्यान व्हतं. पाच लेकरं अन् फुकटची फेरनिवड, तिचंबी काय चुकलं? साहेब आले, फोटो बघितला, नापास म्हणले अन् गेले. पोती परत आली. आमी परत निवडलं. ह्या वेळेला माना मोडून निवडलं अन् खेप पास झाली. ह्या पासाला मात्र झाडाखालनं कुणी उठून पायरीकडं गेलं न्हाय. आता सगळ्यांना ठावं व्हतं ना, तिनं काही केलेलं न्हाय. मग बोलवायचं कशाला? माणसाची जात अशी हाय बघा. कामापुरता मामा.

बाया तिच्याशी वाईट वागल्या असंबी न्हाय. शिव्या थांबल्या, टोमणे थांबले. वाटंत भेटली तर "काय सत्यभामा, बरं हाय का" म्हणायच्या. पण ती जागा भरून गेली. अन् ही मानी, आपणहून यायची न्हाय. म्या रागानं म्हणलं एकदा, "ये की, कोण न्हाय म्हणतंय?" तर म्हणली, "व्हय म्हणतंय का कोण?"

मग एक दिवस म्या नमुना घेऊन गेले. थाप मारली. "व्हय" आलं, बऱ्याच वेळानं "ये" आलं. आत गेले तर दिवा बंद, ती कॅमेरा पुसत बसलेली. माझ्याकडं न बघता म्हणली, "काल दुपारी लई हसत व्हता गं तुमी. काय झालं व्हतं?"

म्या म्हणलं, "अगं, द्वारकाचा नवरा! सोनारीच्या जत्रंत त्यानं नव्या वहाणा घेतल्या. झिजू नयेत म्हणून सगळ्या जत्रंत हातात धरून अनवाणी हिंडला. पाय पोळले, काटा मोडला, पण वहाणा घालंना. अन् घरी येताना यष्टीत सीटखाली इसरून आला!"

सत्यभामा हसायला लागली. एवढी हसली की कॅमेरा खाली ठेवावा लागला तिला. पोट धरून, पदर तोंडात कोंबून, त्या अंधाऱ्या कोठडीत एकटीच हसत बसली. म्या काही हसले न्हाय, म्या कालच हसले व्हते. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले अन् इच्यारलं, "मग? द्वारका काय म्हणली त्याला?"

"ते न्हाय बाई ऐकलं म्या. भोंगा झाला तेवढ्यात."

"मग उद्या नीट ऐकून ये," ती म्हणली, अन् दिवा लावायला उठली.